राऊतदादांची दाढी

शिफ्ट सुरू होण्याआधी राऊतदादा प्रत्येकाच्या गालावरून उलटा हात फिरवायचे. वसईच्या अग्निशमन केंद्रात मी रुजू झालो त्या सकाळी तो हात माझ्याही गालावरून फिरला, तसा मी चक्क दचकलो.

"खुंट राहिलेत. जा, दाढी करून ये. मास्क गालाला बसला नाही तर धूर आत घुसतो, बाबा. नवसाची दाढी वाढवायची असेल तर सरळ रजा टाकायची!"

मग सिलिंडरचा काटा बघायचा, मास्क चढवून पट्टे ओढायचे, नळीच्या तोंडावर तळवा दाबून श्वास आत घ्यायचा. कुठून हवा आत शिरतेय का ते शेजारच्याने कान देऊन ऐकायचं आणि मगच 'ओके' म्हणायचं. दादांची जोडी माझ्याशी असायची.

त्यांची आई गेली. पापडी गावातलं घर, दादा थोरले, सुतक कडक, दहाव्यापर्यंत दाढीला वस्तरा लावायचा नाही. तरी केंद्रात माणसं कमी म्हणून पाचव्या दिवशी ते स्वतःहून आले, गालांवर पांढरी खुरटी दाढी घेऊन. मास्क चढवला, श्वास घेतला. जबड्यापाशी हवा सूं सूं करत होती, मला स्पष्ट ऐकू आली. पण आई गेलेल्या माणसाला 'दाढी करा' म्हणून कसं सांगायचं? मी म्हणालो, "ओके."

दादांनी मास्क खसकन काढला. "गाढवा, मला मारायला निघालास?"

बेसिनपाशी गेले आणि दाढी करून आले. डोळे लाल होते.

दादांच्या घरी गहजब झाला. त्यांच्या काकांनी बजावलं, "सुतकात दाढी केलीस, आता पिंडाला हात लावायचा नाही." मी खरं बोललो असतो तरी दाढी झालीच असती. मग अपराधी मलाच का वाटत होतं, देव जाणे!

दहाव्याला तळ्याकाठी धाकट्या भावाने पिंड ठेवला. दादा लांब उभे, मी त्यांच्या शेजारी. कावळा काही शिवेना. भावाने नाना वचनं देऊन पाहिली. काका सारखे दादांकडे बघायचे. काका चुकत होते म्हणावं, तर मलाही भीती वाटायला लागली होती.

शेवटी दादांनी जागेवरूनच हात जोडले. "आये, रागावली असशील तर मला बोल. कावळ्याला कशाला अडवतेस?"

कावळा आला, भातावर चोच मारून उडाला.

"भूक लागली असेल त्याला," काका पुटपुटले. मग घसा खाकरून ओरडले, "बघत काय उभा राहिलास? ये, आईला पाणी दे!"

दादांचे खांदे गदगदा हलत होते. हसत होते की रडत, शेजारी उभा असूनही मला कळलं नाही.