वाजला, असे मी म्हणालो

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. पत्नीला नाही, भावाला नाही. न्यायालयात पेशकार म्हणून मी उभी हयात नोकरी केली. शपथेवर खोटे बोलणाऱ्यांकडे तुच्छतेने पाहत केली. आणि तरीही — असो. क्रमाने सांगतो.

वर्तमानपत्रांत वाचकांच्या पत्रांमध्ये बिनप्रमाणित यंत्रांविरुद्ध आग ओकणारा म्हातारा तुमच्या वाचनात आला असेल. तो मीच. कोणी बिनतारी घंटी आणो की पंपाचा रिमोट, मी डबा उलटा करून आधी प्रमाणपत्राचा छाप शोधणार. नसला तर दुकानदाराला कलम ऐकवणार. गावात मला वकीलबाबू म्हणत. मी वकील नाही हे सर्वांना ठाऊक होते. म्हणूनच म्हणत.

चोरखमारा तलावाच्या एका नहरावर, म्हणजे कालव्यावर, आमची पाणी वापर संस्था होती. दिवाळीच्या सुमारास नहराच्या वरच्या अंगाला उशिरा पिकणारा भारी धान उभा असतो, त्याला शेवटचे पाणी हवे असते. त्याच वेळी खालच्या अंगाला लवकर पिकणारा हलका धान कापून बांध्यांत, म्हणजे खाचरांत, वाळत पसरलेला असतो. म्हणून पाणी सोडण्याआधी पाटकरी नहराच्या दाराजवळच्या पेटीचे बटण दाबी. बिनतारी संकेताने टोकाचा भोंगा वाजे. खालचे लोक धावत जाऊन धान उचलीत आणि बांध्यांची तोंडे बुजवीत.

ती पेटी बिघडली. नव्या पेटीच्या अटी मी लिहिल्या. अटी कसल्या — एकच अट. प्रमाणित असावी.

सभेत कौसल्याबाईंनी विचारले, पेटी एका कंपनीची, जुना भोंगा दुसऱ्या कंपनीचा, जमेल का? त्यांची शेती टोकाला होती. मी छापाचे महत्त्व सांगू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "वकीलबाबू, लगन लावून देऊन राहिले, पन पोरापोरीनं एकमेकाले पायलं काय?"

सभा हसली. मी हसलो नाही.

प्रश्न बरोबर होता. आणि — हे लिहिताना मला स्वतःची किळस येते — तो बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळले होते. छाप एवढेच सांगतो की यंत्र नेमून दिलेल्या लहरींवर बोलते, इतरांच्या बोलण्यात व्यत्यय आणत नाही. त्याचे बोलणे दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला समजेल, असे तो सांगत नाही. त्यासाठी दोघांनी एकच मानक पाळावे लागते आणि दोघांना एकत्र तपासावे लागते. हा नियम मी शब्दशः वाचलेला होता. तरीही मी म्हणालो की शासनमान्य छापावर शंका घेणे हे अज्ञान आहे.

चाचणीच्या दिवशी सुदाम पाटकरी पेटीपाशी थांबला आणि मी एकटा टोकाला गेलो. भोंग्याच्या खांबाखाली उभा राहिलो. भोंग्यावर एक पारवा बसला होता. तो उडाला नाही. उडावे असे काही घडलेच नाही.

फोन आला. "वाजला का, बाबूजी?"

नाही म्हणायला काय हरकत होती? पेटी परत गेली असती. कौसल्याबाई आणखी एकदा हसल्या असत्या. बस — एवढेच.

"वाजला," मी म्हणालो.

पुढे गुपचूप दुरुस्त करून घेऊ, असे तरी मनात होते का? नव्हते. मी घरी जाऊन जेवलो.

पाणी सुटले. टोकाच्या बांध्यांत पसरलेला धान बुडाला, त्याला कोंब फुटले. सर्वांत जास्त कौसल्याबाईंच्या धानाला. सभेत सुदामला उभे केले गेले. तो घाबरलेला नव्हता. "मी बटन दाबलो," तो म्हणाला. "भोंगा चालू हाये का नाही, बाबूजीले पुसा. त्यायनं आपल्या कानानं आयकला."

पाहिलेत? त्याने मला स्वतःच्या बचावाचा साक्षीदार केले. भोंगा चालू असेल तर बटण दाबलेच गेले नाही, हा एकच निष्कर्ष निघतो — हे त्याच्या ध्यानात आले नाही. माझ्या आले. मी उठलो आणि शब्द तोलून सांगितले की चाचणीत भोंगा वाजला, मी स्वतः ऐकला.

कोणीतरी म्हणाले, आताच दाबून पाहू. मी हरकत घेतली. पेटी इतके दिवस सुदामच्याच ताब्यात आहे. आता ती बिघडलेली आढळली, तर त्यानेच बिघडवली नाही कशावरून? सभेला हे फार न्याय्य वाटले. माझे सारे कायद्याचे ज्ञान आयुष्यात एकदाच इतके अचूक उपयोगी पडले.

"वकीलबाबू आयकलो म्हणते तं आयकलंच असन," कौसल्याबाई म्हणाल्या. "तिरपट हाये, पन खोटा नाही."

सुदामचे काम त्याच बैठकीत गेले. दार उघडण्याची लोखंडी चावी त्याने आणून माझ्यापुढे ठेवली. मग माझ्याकडे पाहिले. आता त्याच्या ध्यानात आले होते.

"काऊन, बाबूजी?" का, एवढेच त्याने विचारले, आणि तेही हळू.

मी चावी उचलून अध्यक्षांकडे दिली.

पुढच्या हंगामात जुनाट सामग्रीवर घणाघाती भाषण करून मी पेटी आणि भोंगा दोन्ही एकाच कंपनीचे घ्यायला लावले. ते उत्तम चालतात. त्याबद्दल माझे अभिनंदन झाले. मी ते स्वीकारले. सुदाम गोंदियाजवळच्या मुर्रीला राहायला गेला. गोंदियात राइस मिलवर पोती उचलतो. पूर्वी तो लांबूनच जय भीम घालायचा. आता गोंदियात तो समोरून येताना दिसला की मी रस्ता ओलांडतो. माझी पत्रे अजूनही छापून येतात. खाली लिहिलेले असते — एक जागरूक नागरिक.

सुदामने बटण दाबले होते. भोंगा वाजला नव्हता. तो मी दोनदा ऐकला.