एकोणीस सत्ते

सावित्रीआजी शाळेची पायरी पहिल्यांदा चढली ती वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, आणि तीही थेट परीक्षक म्हणून. मधल्या इयत्तांची भानगडच तिने ठेवली नाही.

कोकणातल्या मिठबावात तिच्या वाडीला पाढे म्हटले की सावित्रीआजीच आठवायची. मुलगी म्हणून तिला शाळेत धाडलं नव्हतं. थोरला भाऊ दत्तप्रसाद मात्र रोज दिवेलागणीला ओटीवर वडिलांसमोर बसून परवचा म्हणायचा, आणि आत चुलीशी बसलेली सावित्री तो ओळीओळीने उचलायची. भाऊ पुढे डोंबिवलीत गणिताचा मास्तर झाला. बहिणीने लग्न करून वाडीतल्या वाडीतच घर बदललं आणि तीन पिढ्यांना तिसापर्यंत पाढे घोकवले. अंगण झाडताना ती एक ओळ म्हणायची, मागून पोरं म्हणायची. गुरुजी बदलून येत, बदलून जात. पाढे आजीकडे सोपवून सगळे निर्धास्त असत. "दादा शिकलो तेवढा मीय शिकलंय," हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. दादा शाळेत गेला आणि आपण गेलो नाही, एवढाच तिच्या मते फरक.

यंदा शाळेत पाढे पाठांतराची स्पर्धा ठरली, तेव्हा शाळा समितीचा अध्यक्ष विनीत, तिचाच जुना विद्यार्थी, तिला बोलवायला स्वतः आला. आजीने ठेवणीतलं लुगडं काढलं. शाळेत तिला हाताची खुर्ची दिली. एवढा मान तिला लग्नातही मिळाला नव्हता.

वाडीतली मुलं धडाधड म्हणून गेली. मग घाटावरून बदलून आलेल्या नर्स नम्रताबाईंची मुलगी किशोरी उभी राहिली. तिच्या वाट्याला एकोणिसाचा पाढा आला.

"एकोणीस सक एकशे चौदा, एकोणीस सत्ते एकशे तेहेतीस..."

"थांब गो," आजी म्हणाली. "मधी ह्या काय घुसडलंस? एकोणीस सक, मगे एकोणीस अठ्ठे."

मुलं फिदीफिदी हसली. मागे बसलेले आईबापही हसले. तेही आजीच्याच अंगणात घोकून मोठे झालेले. घाटावर पाढे वेगळे असतील, अशी एकाने समजूतही घातली. किशोरी रडकुंडीला आली, पण हटेना. "आजी, सतराला सत्ते असतं, अठराला असतं. मग एकोणिसालाच का नाही?"

आजीची बाजू राखायला विनीतने मोठ्या तोऱ्यात मोबाइल काढला, आकडे दाबले आणि उत्तर पाहताच तो घाईघाईने परत खिशात घातला. तीन पिढ्यांत या एका ओळीवाचून वाडीत कोणाचंच काही अडलं नव्हतं, हेही खरंच.

आजीने पहिला नंबर किशोरीला दिला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चहा न घेता घरी आली. लाज तर वाटतच होती. पण मास्तर झालेल्या दादाला एक ओळ कमी येते, याची काळजी तिला जास्त लागली होती. तिने त्याला फोन लावला.

"दादा, एकोणीस सत्ते किती रे?"

"एकशे तेहेतीस. कित्याक?"

"मगे ओटयेर तू ता कधी म्हणूक नाय."

पलीकडे दादा खो खो हसला. "अगो, नेमके तेवाच बाबा पान थुकूक उठत. ती एक ओळ मी गाळून टाकी. लवकर सुटका! बाबांका मरेसर कळला नाय." हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "पण तुका कसा म्हायत? तू आयकत होतंस?"

साठ-पासष्ट वर्षं आजी ज्याला आपलं दोघांचं शिक्षण समजत आली होती, त्यात ती आहे हे दादाच्या गावीही नव्हतं. तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

"नाय रे, मी खंय आयकतंय," ती म्हणाली. "आज शाळेत गेललंय. थंय कळला."