पोह्यांच्या आधी

बायको गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं सोप्यात बसून शेंगा फोडत होतो आणि अमेरिकेतल्या लेकीची मुलाखत घेत होतो. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला होता. लेकीकडं तेव्हा सकाळ. बायको माझा चष्मा नाकावर चढवून साहेब झाली होती आणि मला शिपाई केलं होतं. शिपायानं बोलायचं नाही, टरफलं उचलायची, असा तिचा हुकूम होता.

लेक आमची एकुलती एक. शहरात, विश्रामबागेत राहून शिकली, मग तिकडं गेली, तिकडची पदवीही घेतली. आता नोकरी हवी होती, पण नुसती नोकरी देणारा साहेब असून भागत नाही. ही पोरगी आम्हाला पाहिजेच, तिच्या विझ्याचं आम्ही बघतो, असं कंपनीनं सरकारला लिहून द्यावं लागतं. त्याला स्पॉन्सर म्हणतात. मुदतीत तसा कोणी भेटला नाही तर बॅग भरून घरी. मुदत सरत आली होती.

मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस, पण ही भानगड मला लगेच कळली. आटपाडीकडची आमची पोरं जातात तसा मी गलाईला गेलो होतो, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या कामाला, पार तमिळ मुलखात. भाषा येत नव्हती, भट्टीपुढं कसं बसायचं ते माहीत नव्हतं. गावातला एक चुलता दुकानात पुढं झाला आणि म्हणाला, ह्यो माझा हाय. झालं. तोच माझा विझा. लेकीला तसं म्हणणारा उभ्या अमेरिकेत कोणी निघत नव्हता. तिथं आपल्या भागातला एखादा गलाईवाला नाही का, असं मी एकदा विचारलं तर ती हसत सुटली. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. मुलूखभर आमची माणसं भट्ट्या घालून बसली आहेत. अमेरिकेत काय सोनं वितळत नाही?

अर्जातच स्पॉन्सरचं विचारलं असेल तिथं तिला कॉम्प्युटरच नाही म्हणायचा. ओळखीपाळखीनं एखादा साहेब समोर बसलाच, तर ही गोष्ट शेवटाला काढायची असं मैत्रिणींनी तिला शिकवलं होतं. साहेब हसायचा, हवापाण्याचं बोलायचा, तिच्या कामावर मान डोलवायचा. शेवटी ही स्पॉन्सरचं सांगायची. मग तो घड्याळ बघायचा आणि कळवतो म्हणायचा.

हे ऐकल्यावर बायकोनं निकाल दिला. "हे तर बघायला आल्यालं पावणं. पोहे खात्यात, चा पित्यात, कळवतो म्हणत्यात. कळवतो म्हणल्याला कवा कुणी कळवलंय?"

तिला हे बोलायचा अधिकार होता. मी आणि माझी माणसं तिला बघायला गेलो तेव्हा तिच्या मामानं तिची बसायची जागा लय शिताफीनं ठरवली होती, उजवी बाजू आमच्याकडं. डावा कान लहानपणीच गेलेला, त्यानं तिला काही ऐकू येत नव्हतं. मामानं बजावलं होतं, लग्न होऊ दे, मग कळंल हळूहळू. ही पोह्यांचं ताट घेऊन आली, खाली ठेवलं नाही, उभीच राहिली आणि म्हणाली, "मला ह्या कानानं ऐकू येत न्हाई. आधी सांगते, मग पोहे खावा." मामाचा चेहरा आजही डोळ्यांपुढं येतो. माझी आई उठायला लागली. मला मात्र भूक लागली होती. मी ताट तिच्या हातातनं घेतलं आणि म्हणालो, उजवीकडं बसत जाईन.

तेव्हापासून मी उजवीकडंच बसत आलो. भांडायचं असलं तर ती मान फिरवून डावा कान माझ्याकडं करायची. मग काय बोलणार, कपाळ?

तर त्या संध्याकाळी तिनं चष्म्यावरनं बघत विचारलं, "साहेब आत आला. तू काय म्हणशील?"

"गुड मॉर्निंग म्हणेन. मग माझ्याबद्दल थोडं सांगेन."

"आले तुझे पोहे! आधी सांग म्हणलं न्हवं?"

"आई, आधी सांगितलं तर आधीच नाही म्हणतील."

"म्हणू देत. पोहे तरी वाचतील."

मुलाखत परवावर आली होती, आणि तिच्याकडं उरलेली ती शेवटचीच. लेक बघू म्हणाली. पटलं नव्हतं तिला. बायको फोन बंद करताना पुटपुटली, माझ्या मामावर गेलीया.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापत ठेवून ती ओट्याखाली टेकली ती उठली नाही. डॉक्टर आला, हात बघितला, आणि माझ्याकडं न बघता गेला. दूध उतू गेलं होतं. मी फडकं घेऊन ओटा पुसायला लागलो तर लोकांना वाटलं माझं डोकं फिरलं. तसं नव्हतं. खरकटा ओटा तिला चालत नसे.

तिला सोप्यात ठेवली आणि मला आणून तिच्या डाव्या अंगाला बसवलं. मी उठलो आणि वळसा घालून उजवीकडं गेलो. माझी भावजय म्हणाली, भावजी, तिकडं ऊन हाय.

"त्या बाजूनं तिला ऐकू येत न्हाई," मी म्हणालो.

भावजयीनं पदर तोंडाला लावला. हसली का रडली, सांगता येणार नाही.

तिला पोचवून आल्यावर पुतण्यानं बैठक भरवली. तो फौजेतनं निवृत्त झालेला, आवाजात अजून परेड. त्यानं ठरवलं, पोरीला मुलाखत होईस्तोवर कळवायचं नाही. कळलं तर तशीच विमानात बसंल, आणि एकदा आली की परत जायचा वांदा. सगळ्यांनी माना डोलवल्या. माझा फोन त्यानं आपल्या खिशात घातला.

संध्याकाळी लेकीचा फोन आलाच. पुतण्या बोलला. काकी वडूजला बहिणीकडं बारशाला गेलीय, तिथं रेंज नाही. एवढ्यावर थांबावं की नाही? पुढं म्हणाला, जाताना फोडलेल्या शेंगा घेऊन गेली. नाना कुठं आहेत म्हणाली असणार, कारण नाना झोपलेत असं त्यानं सांगितलं. मी समोर डोळे उघडे ठेवून बसलो होतो. खोटं बोलायचं तरी फौजेत शिकवायला पाहिजे होतं त्याला.

सकाळी तो आंघोळीला गेला. शर्ट खुंटीवर होता. मी खिशात हात घालून माझाच फोन चोरला आणि गोठ्यामागं गेलो. तिच्याकडं रात्र पडत होती, उद्या सकाळी साहेब.

फोन उचलल्या उचलल्या ती म्हणाली, "नाना, आई आली का वडूजहून?"

"आधी सांगतो, मग बोलू. आई गेली. काल सकाळी. तिला तरास झाला न्हाई."

ती म्हणाली, "पण ती शेंगा घेऊन गेली ना?"

"शेंगा हितंच हायत."

तेव्हा ती रडली. मीही रडलो. म्हैस वैरण खायची थांबून बघत होती. लेक येते म्हणाली. मी म्हणालो, ये, तुझी आई हाय, पण परत जायला मिळंल का ते तूच बघ, मला त्यातलं कळत न्हाई. आमी तिला नीट पोचवलीय. उद्या साहेबापुढं बसायचं का न्हाई तेबी तूच ठरीव.

तिनं दोनदा नाक ओढलं. मग म्हणाली, "नाना, आता साहेब कोण होणार?"

मी घरात आलो. चष्मा फळीवर होता, काचांवर टरफलांचा भुगा. तो तसाच घातला. फोन तांब्याला टेकवला, शेंगांची टोपली पुढं ओढली. भावजय आतनं म्हणाली, सुतकात शेंगा काय फोडता. पुतण्या टॉवेल गुंडाळून खिसा चाचपत बाहेर आला आणि मला बघून खांबासारखा उभा राहिला.

"तू शिपाई," मी त्याला म्हणालो. "बोलायचं न्हाई. टरफलं उचल."

मग मी फोनकडं वळलो. "हां. या आत. आधी काय सांगायचं ते सांगा."

तिनं तोंड पुसलं आणि सांगितलं, इंग्रजीत. मला त्यातले स्पॉन्सर आणि मदर एवढेच दोन शब्द कळले. मी एक शेंग फोडली.

"बरं," मी म्हणालो. "आता कामाचं बोला."