ताईने तोडलेल्या ओळी

माझी ताई माऊसला हात लावत नाही. वृत्तवाहिनीने प्रत्येकाच्या टेबलावर एकेक आणून ठेवला, तेव्हा तिने आपला सरळ ड्रॉवरमध्ये कोंबला. संगणकावर मजकूर लिहायचा तिचा एडिटरही तिच्यासारखाच जुन्या वळणाचा. त्यात सगळा कारभार बोटांनी. एक कळ दाबली की खालची ओळ वरच्या ओळीला जोडली जाते, दुसरी दाबली की मजकूर कापला जातो, तिसरी दाबली की तो हवा तिथे चिकटतो. त्याला एकच खोड आहे. सगळ्यात शेवटी उचललेला किंवा कापलेला तुकडा तेवढा त्याच्या लक्षात राहतो. नवीन काही कापलं की आधीचं गेलं. ताई म्हणायची, "नवऱ्यावर गेलाय. शेवटचं भांडण तेवढं आठवतं."

नवरा म्हणजे आमचे भाऊजी. त्याच वाहिनीवर ते संध्याकाळच्या बातम्या वाचतात. कॅमेऱ्यापुढे एक काच असते, तिच्यावर मजकूर सरकत जातो आणि घरी बघणाऱ्याला वाटतं, काय पाठांतर आहे या माणसाचं! तो मजकूर तयार करायची आणि सरकवायची ताई. भाऊजींच्या तोंडाला रंग फासायचो मी. एकाच घरातली तिघं एकाच बुलेटिनवर म्हटल्यावर लोक पाठीमागे काय बोलत असतील ते सांगायला नको.

वार्ताहरांच्या बातम्या यायच्या त्या तुटक ओळींच्या, वाक्य कुठेही मोडलेलं. ताई त्या भराभर जोडून काचेची पूर्ण रुंदी भरून टाकायची. या कामात तिचा हात धरणारा आमच्याकडे कोणी नव्हता. उभा जन्म तिने ओळी जोडण्यात घालवला आणि तो मजेत घालवला.

बिनसलं ते पुलाच्या बातमीपासून. नदीवरचा पूल बंद राहणार नाही, अशी बातमी होती. भाऊजींनी 'बंद राहणार' एवढंच वाचलं आणि पुढच्या बातमीवर गेले. फोन खणखणले, प्रोड्यूसर तणतणला. भाऊजी म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढलाय. नवा चष्मा आला. तरी ओळींच्या शेवटचे शब्द गळतच राहिले.

मला निराळंच काही दिसत होतं. भाऊजी दाढी करून यायचे, पण उजव्या गालावर पांढऱ्या खुंटांचा एक पट्टा तसाच राहिलेला असायचा. उजवीकडून पावडरचा पफ नेला की ते दचकायचे, जणू तो हवेतून उगवला. मी ब्लेड काढून तो पट्टा साफ करायचो आणि वरून रंग लावायचो. बोललो काहीच नाही.

ताईलाही कळलंच होतं. हा माणूस शब्द गिळत नाही, त्याला काचेची उजवी बाजू दिसतच नाही. मग तिने जन्मभर केलं त्याच्या उलट सुरू केलं. प्रत्येक ओळ तीन-चार शब्दांवर तोडायची. सगळा मजकूर डाव्या अर्ध्यात, उजवी बाजू मोकळी. प्रोड्यूसरने विचारलंच, "ताई, अर्धी काच रिकामी का?"

"वाचताना डोळे इकडेतिकडे फिरत नाहीत. माणूस थेट बघतोय असं वाटतं," ताई म्हणाली.

प्रोड्यूसर खूश झाला. भाऊजी पुन्हा घडाघडा वाचायला लागले. ताईचं जेवण मात्र तुटलं. एखादी ओळ लांब राहून गेली तर, या धास्तीने ती तोच मजकूर वरून खाली, खालून वर तपासत बसायची.

"डॉक्टरकडे ने त्यांना," मी एकदा म्हणालो.

"आणि खुर्ची गेली तर? घरात नुसते बसून झुरतील रे ते."

तिची भीती मला पटली, हेच वाईट झालं.

मग एका संध्याकाळी दोघं स्कूटरवरून परत येत होती. उजवीकडच्या गल्लीतून एक सायकलवाली बाई आली. ताई मागून किंचाळली. भाऊजींनी ब्रेक दाबला तोवर स्कूटर सायकलच्या मागच्या चाकाला घासली होती. बाई पडली, कोपर सोलवटलं, जिवावरचं कोपरावर गेलं. भाऊजी उलट तिलाच ओरडले, "कुठून उगवलात तुम्ही?"

घरी ताईने पहिल्यांदाच डॉक्टरचा विषय काढला. मी समोरच होतो.

"मला काय धाड भरलीय?" भाऊजी म्हणाले. "डोळे बिघडले असते तर रोज एका दमात बातम्या वाचल्या असत्या का मी?"

ताईनेच तोडलेल्या ओळींचा आता पुरावा झाला होता.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या वेळी तिने मला बोलावलं. "माझ्या मागे उभा राहा." तोडलेल्या ओळींचं सगळं बुलेटिन तिने आधी उचलून एडिटरच्या लक्षात ठेवलं. मग जोडायची कळ दाबत गेली. ओळीमागून ओळ वर चढली आणि काच या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली. "तालमीपुरतंच," ती पुटपुटली. "त्यांचं त्यांना दिसू दे. मग जुनं परत चिकटवते."

भाऊजींनी वाचायला घेतलं. पहिलं वाक्य अर्ध्यावर थांबलं. दुसरंही. त्यांनी चष्मा पुसला.

"अहो, काच बिघडलीय तुमची," ते प्रोड्यूसरला म्हणाले. "अर्धंच येतंय."

प्रोड्यूसर कॅमेऱ्यापाशी गेला. "पूर्ण येतंय की."

मग भाऊजींनी हळूहळू मान उजवीकडे वळवली. काचेची ती बाजू अक्षरांनी गच्च भरलेली होती. मग त्यांनी, ताई जिथून मजकूर सरकवायची, त्या आमच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं.

तेवढ्यात प्रोड्यूसर दारात आला. "वाचनालयाची बातमी उडवा, पाहुणा आलाच नाही. चला, वेळ होतेय."

ताईच्या बोटांनी सवयीने बातमी कापली. मग तिने चिकटवायची कळ दाबली, आणि पडद्यावर वाचनालयाचीच बातमी परत उमटली. तोडलेलं बुलेटिन गेलं होतं. मागे फिरायची कळ होती, पण हा जुना एडिटर एकच पाऊल मागे जातो.

"देवा," ताई म्हणाली. एवढंच. मग हाताने एकेक ओळ तोडत सुटली. मी तिचा खांदा धरून उभा होतो, का ते मलाही माहीत नाही. अर्धं बुलेटिन तुटलं आणि शीर्षकसंगीत वाजलं.

पहिल्या बातम्या भाऊजींनी नेहमीसारख्या वाचल्या. मग काचेवर लांब ओळी आल्या. ताईने डोळे मिटून घेतले. भाऊजी थांबले. सगळ्यांच्या देखत, थेट प्रक्षेपणात, त्यांनी मान वळवली, ओळीचा शेवट पाहिला आणि वाक्य पूर्ण केलं. पुढच्या ओळीला पुन्हा तेच. संथ, पण एकही शब्द गळला नाही. प्रोड्यूसर हातातला पेन चावत त्यांच्या मानेकडे बघत होता. त्याला काय समजायचं ते समजलं.

बुलेटिन संपल्यावर भाऊजी माझ्या खोलीत येऊन आरशासमोर बसले. ताई दारात उभी होती.

"कधीपासून तोडतेयस?"

"पुलाच्या बातमीपासून."

"आणि मला वाटत होतं, मी वाचतोय."

ताई म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जाऊ." ते नाही म्हणाले नाहीत. त्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली, माझ्या ब्रशांच्या शेजारी ठेवली आणि आरशासमोर मान उजवीकडे वळवली. रंग पुसलेल्या गालावरून बोट फिरवत ते म्हणाले, "मेहुणे, इथली दाढी तुम्ही करत होतात, नाही का?"

मी हो म्हणालो.