बारा मिनिटांवर आलेली लाट

बारा मिनिटं हायेत, असं मॅडम फोनवर बोलल्या अन् माझ्या हातातली दुधाची वाटी सुटली. पृथ्वीच्या पार पलीकडं मोठा भूकंप झालाय, त्याची लाट जमिनीच्या पोटातनं निघालीय, बारा मिनिटांत तुमच्या गोठ्याखाली येती. पुढचंबी मी ऐकलं. कुणाला काय जाणवणार न्हाई, फकस्त गोठ्यापाशी कुणाला हालू देऊ नको. व्हय म्हनले, फोन ठेवला, अन् पाच महिन्यांची पोरगी पाळण्यातनं उचलून बोंबलत अंगणात पळाले.

मॅडम पुण्याच्या, भूकंपाच्या लाटांचा अभ्यास करनाऱ्या. माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हनते मी त्यांना, त्या मॅडमला भुईवाली म्हनायच्या. उरवड्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी, कंपन्यांच्या गाड्यांचा दणका तितवर येत न्हाई, म्हनून आमच्या जुन्या रिकाम्या गोठ्यात मॅडमनी खड्डा खणून डब्याएवढं मशीन पुरलं. भुई जराबी हालली की ते टिपायचं. गोठ्यापाशी आल्या की चपला काढून मांजरावानी पाऊल टाकायच्या. आमी देवळातबी एवढं हळू चालत न्हाई.

आल्या आल्या, चहाच्याबी आधी, एकच विचारायच्या, "काय आपटलंत?" आत्याबाईंना डॉक्टरनं कांडायला बंदी केलेली. त्या शपथ घेऊन म्हनल्या, मी मुसळाला हात लावला न्हाई. मॅडमनी कम्प्युटर फिरवला. मंगळवार, साडेधा ते बारा, ठक ठक ठक. तवापासनं आत्याबाई मिरच्या कांडायला चुलतजावंकडं जायच्या.

मशीन पुरलं तवा मी पोटुशी व्हते. मॅडम म्हनल्या, "तुझी सोनोग्राफी केली ना, पोट न कापता बाळ दिसलं? मी पृथ्वीची करते. फक्त आवाज भूकंपानं द्यायचा आणि मी वाट बघायची." आत्याबाईंनी विचारलं, मग आत काय हाय? तर म्हनल्या, सगळ्यात मधी लोखंड. आत्याबाईंना लई कीव आली. "अवो, लोखंडच पायजे तर खाली कंपनीत ढीग पडलाय."

पर मॅडमला पायजे व्हती त्या लोखंडातनं सरळ आरपार आलेली एक लाट. त्याला मोठा भूकंप पार पलीकडच्या अंगालाच व्हावा लागतो, म्हनून आठ महिने तिची वाट बघत व्हत्या. अन् ती निघाली तवा मी समदी वाडी अंगणात गोळा केली. भिंतीखाली मरतील म्हनून नव्या शेडातल्या चारी म्हशीबी सोडल्या. त्या सवयीनं सरळ जुन्या गोठ्यात गेल्या अन् मशीनवर जाऊन हुब्या राह्यल्या. त्यांना हाकलायला आमी पंधरा-वीस मानसं मागं.

बारा मिनिटं झाली, ईस झाली. भुई हालली न्हाई. पोरगी खांद्यावर झोपली.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. काय आपटलं ते विचारलं न्हाई. पडद्यावर काळं गिचमिड झालेलं, त्यावर बोट ठेवून म्हनल्या, "लाट इथं आहे. तुझ्या म्हशींच्या खाली."

मी म्हनले, "मॅडम, जाणवणार न्हाई हे मला पटलं व्हतं."

"मग?"

"पोरगी पाळण्यात व्हती."

त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं, लई येळ तिच्या तळपायाला बोट लावत बसल्या. त्याच महिन्यात मशीन काढून नेलं. आता ते जिथं नुसती म्हातारा-म्हातारी राहत्यात अशा घरी ठेवलंय, हे त्यांनीच मला सांगितलं. हसल्या न्हाईत.

त्या खरं बोलल्या व्हत्या, अन् मला ते कळलंबी व्हतं. पर बारा मिनिटं हातात अन् लेकरू पाळण्यात. तुमी काय केलं असतं?