मशीन चालू असेपर्यंत

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात ती पुस्तकं शिवायची. टाके इतके सरळ, की आम्ही तिला ‘सुई’च म्हणायचो. तिच्या कुर्त्याच्या खिशात फोन दिवसभर लावलेला असे आणि पलीकडे नवरा ऐकत बसलेला. कोण बोललं, कशाला हसलीस, सगळ्याचा जाब संध्याकाळी घरी द्यावा लागायचा. आधी मला वाटलं, काय बाई हे नवराबायकोचं कौतुक! मग एकदा तिच्या मनगटावरचे वळ दिसले आणि मला माझीच लाज वाटली.

कागद कापायचं मशीन माझ्याकडे. मोटर सुरू झाली की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. तेवढ्यात ती माझ्या कानाशी येऊन बोलून घ्यायची. मग काय, मी रद्दीसुद्धा दोनदोनदा कापायला लागले. मालक कुरकुरले, तर म्हटलं, "पात्याची धार बघतेय."

तीन आठवड्यांत, तुकड्यातुकड्याने, बेत ठरला. गुरुवारी कामावरून परस्पर मोठ्या बहिणीकडे जायचं. मी तिला माझी पिशवी दिली. रोज ती दोन कुर्ते घालून यायची आणि आतला काढून रद्दीच्या गठ्ठ्यामागे पिशवीत ठेवायची.

मंगळवारी ती काहीतरी सांगत होती. मला मेलीला धीर कुठला! ओरडले, "अगं, मोठ्याने बोल की!"

"गुरुवारी ताईकडे गेले ना मावशी, की परत नाही येणार!"

‘गुरुवारी’ला मोटर चालू होती. ‘ताईकडे’ला वीज गेली. पुढचं सगळं वाक्य त्या शांततेत खणखणीत ऐकू आलं.

आम्ही सगळ्या तिच्या खिशाकडे बघत राहिलो. मी घाईघाईने म्हणाले, "सुट्टीचं म्हणतेय हो ती." खिशातून आवाज आला, अगदी गोड. "घरी ये."

तिने हातातल्या पुस्तकाची शेवटची गाठ मारली आणि निघाली. मी अडवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले, तर दार नवऱ्यानेच उघडलं. "ताप आहे तिला," म्हणाला.

आठ दिवसांनी आली. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मी धावत जाऊन मशीन लावलं, तिच्या कानाशी वाकले. "अजून जाता येईल गं. मी येते सोबत. बोल तरी काही." ती खाली मान घालून शिवत राहिली. मशीन चालू असूनही बोलली नाही.

त्या संध्याकाळी ती रद्दीमागे गेली आणि पिशवीतला एक कुर्ता आत घालून घरी गेली. दुसऱ्या दिवशी दुसरा.

काल माझी पिशवी तिने घडी घालून परत दिली.