म्हणे, प्रॉम्प्टर कशाला?

आमचे हे दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासतात आणि संध्याकाळी नाटक मंडळात प्रॉम्प्टिंग करतात. म्हणजे विंगेत स्टुलावर बसायचं, वही मांडीवर घ्यायची, आणि नट अडखळला की कुजबुजत वाक्य पुरवायचं. बावीस वर्षं झाली, पण एकाही प्रेक्षकानं त्यांचं तोंड पाहिलेलं नाही. मीसुद्धा नाही. मी आपली तिसऱ्या रांगेत.

मग साथ आली, सभागृहाला कुलूप लागलं आणि मंडळ कॉम्प्युटरवर गेलं. दिग्दर्शक म्हणजे आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर. त्यांनी फर्मान काढलं, की घरूनच करायचंय तर आपापली वाक्यं स्क्रीनमागच्या भिंतीला चिकटवा; आता प्रॉम्प्टर कशाला? हे नुसतं "बरं" म्हणाले. त्या दिवसापासून तालमीच्या वेळी स्वयंपाकघरात येऊन मटार सोलायला बसायचे आणि सोलता सोलता अख्खं नाटक पुटपुटायचे. जेवणात लक्ष नाही, बोलण्यात नाही. माझं डोकं फिरलं. डॉक्टरांना फोन लावला आणि चांगलं फैलावर घेतलं. शेवटी ते म्हणाले, बसू दे त्यांना, पण आवाज बंद ठेवून. तेवढ्यावरही स्वारी खूश.

प्रयोगाला दीडशे घरं जोडलेली. हे आतल्या खोलीत, मी ओट्यापाशी फोनवर बघतेय. दुसऱ्या अंकात ग्रंथपालबाई मुलाला घराबाहेर काढणारी आई झाल्या होत्या. ऐन भांडणात पंख्यानं त्यांचे कागद उडवले आणि बाई गप्पच झाल्या. आमच्या ह्यांना राहवेल तर शपथ! आवाज चालू केला आणि स्क्रीनला नाक लावून कुजबुजले. आता त्या कॉम्प्युटरचं असं, की जो बोलेल त्याचं चित्र मोठं होतं. दीडशे घरांतून बाई गायब आणि आमचे हे हजर, बनियनवर, चष्मा कपाळावर.

मी कपाळावर हात मारून घेतला. मग नीट पाहिलं. हनुवटी थरथरत होती, डोळे भरून आलेले. हा माणूस वाक्य सांगत नव्हता, आई झाला होता. पुढं मुलाचं वाक्य अडलं, तर क्षणात तोंड मुलासारखं हट्टी. म्हणजे बावीस वर्षं अंधारात बसून हे सगळ्यांच्या भूमिका करत होते आणि मला पत्ता नाही! हसता हसता मला रडू फुटलं. खरं सांगते, मी त्यांच्यावर नव्यानं भाळले.

प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांचा एकच प्रश्न, ते बनियनवाले कोण? डॉक्टरांना हसू आवरेना. सगळ्यांसमोर ह्यांना विचारलं, "बोला, पुढच्या नाटकात कुठली भूमिका देऊ?"

आपण दिसत होतो, हे ह्यांना तेव्हा कळलं. कान लाल झाले. थोडा वेळ वही चाळत राहिले, मग म्हणाले, "भूमिका नको, डॉक्टर. सगळ्या करतोच मी. मला फक्त बाहेर बसवू नका."

डॉक्टरांनी हसणं थांबवलं, चुकलं माझं म्हणाले, आणि पुढच्या तालमीची वेळ सगळ्यात आधी ह्यांना विचारली.